हद्द आमची नाही!

बलात्काराची तक्रार घेऊन बाई पोलिस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तिला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? 'तुला काय झालं?' हा नाही. 'कुठे झालं?' हा. आणि तोही काळजीपोटी नाही. जागा आपल्या हद्दीत येते की शेजारच्या ठाण्याच्या, एवढंच विचारणाऱ्याला ठरवायचं असतं. उत्तर सोयीचं आलं की सुटकेचा निःश्वास टाकून सांगितलं जातं, 'हद्द आमची नाही.'

पुण्यातल्या बायकांबरोबर ठाण्यांत जाऊन बसण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरचं बाकडं आमच्या ओळखीचं आहे. त्या बाकड्यावर बसून जे पाहिलं, त्याच्या आधारावर एक मुद्दा भांडून मांडायचा आहे. अत्याचार झालेल्या बाईला आज सगळ्यात जास्त गरज आहे ती नव्या कायद्याची नाही, आणखी कडक शिक्षेचीही नाही. ठाण्यातल्या पहिल्या काही तासांत तिच्याशी जे वागलं जातं, त्याची जबाबदारी नाव आणि हुद्दा असलेल्या माणसावर टाकली गेली पाहिजे. हा हिशेब पोलिस देत नाहीत. पण मैत्रिणींनो, आपणही तो पुरेशा चिकाटीने मागत नाही.

देसाईगंज ते स्वारगेट

२५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट आठवा. स्वारगेट बसस्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये बलात्कार झाल्याची तक्रार एका तरुणीने त्याच सकाळी पोलिसांकडे दिली. पोलिस ठाणं बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर. मग पथकं निघाली, शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावात उसाच्या फडांवर ड्रोन फिरले, श्वानपथक आलं, आणि तीन दिवसांच्या आत आरोपी ताब्यात आला. पोलिसांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, ते साऱ्या शहराला दिसलं. त्याला चांगलं म्हणायला माझी हरकत नाही.

पण त्याच आठवड्यात काय बोललं गेलं? तिथे झटापट किंवा आरडाओरडा झाला नाही, म्हणून आसपासच्या लोकांना काही कळलं नाही, अशा अर्थाचं विधान राज्याचे गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी केलं. पुढे त्यांनी खुलासाही केला. पण विधान जायचं तिथे जाऊन पोचलं. दोनच दिवसांत चहाच्या टपरीवर, कचेरीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच चर्चा: ती ओरडली का नाही?

हा प्रश्न आपल्याला नवा आहे का? २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपी सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरवलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिलं. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत. त्या निकालाविरुद्ध सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धगमवार. १९८० च्या मार्चमध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या. आपल्यातल्या कितीतरी संघटना त्या लाटेत जन्मल्या.

तेव्हापासून कायदा बदलला, आणि तो आपण बदलायला लावला. १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली. बाईच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम २००२ च्या दुरुस्तीने गेलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ मध्ये, कायद्यानेच स्पष्ट लिहिलं की बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे वाक्य आहे. म्हणजे १९७८ मध्ये न्यायालयाने मांडलेलं तर्कट कायद्यातून हद्दपार होऊन एक तप उलटलं, आणि गृहखात्याच्या मंत्र्याच्या तोंडी ते अजून नांदतं आहे. ज्या खात्याचा मंत्री असं बोलतो, त्या खात्याच्या टेबलावर बसलेला हवालदार काय बोलेल?

ड्रोन कुणासाठी उडतो?

स्वारगेटसारखं प्रकरण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं, कारण तिथे आरोपी अनोळखी असतो आणि जागा सार्वजनिक असते. पण आपल्याकडे येणाऱ्या बायका आठवा. दीर, सासरा, घरमालक, मुकादम, शिकवणीचे सर, लग्नाचं वचन देणारा मित्र, मावशीचा नवरा. सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाचे वर्षानुवर्षांचे आकडे सांगतात की नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नवऱ्याची तर बातच सोडा. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्याच्या लेखी अजूनही बलात्कार नाही.

या बायकांसाठी ड्रोन उडत नाही. आरोपी कुठे राहतो ते ठाण्याला माहीत असतं, कधीकधी तो ठाण्याच्याच बाहेर दोन नगरसेवकांसह उभा असतो. तिथे शोधायचं काहीच नसतं, फक्त लिहायचं असतं. आणि नेमकं तेच होत नाही.

टेबलापलीकडची पाच वाक्यं

ठाणी बदलतात, अंमलदार बदलतात, पण वाक्यं तीच. ती आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला पाठ हवीत, आणि त्यांची उत्तरंही.

पहिलं वाक्य: 'हद्द आमची नाही.' पुण्यात तर हे फारच सोयीचं. पुणे शहर आयुक्तालय वेगळं, २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं वेगळं, पुणे ग्रामीण वेगळं, रेल्वेच्या आवारात लोहमार्ग पोलिस वेगळे. राहायला वाघोलीत, नोकरी हिंजवडीत, आणि प्रसंग घडला लोणावळ्याच्या वाटेवर गाडीत, तर त्या मुलीने किती पायऱ्या झिजवायच्या? कायदा म्हणतो, एकही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ज्या ठाण्यात बाई जाईल त्या ठाण्याने खबर लिहून घ्यायची आणि शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायची. कागदाने प्रवास करायचा आहे, बाईने नाही. नोंदलेल्या खबरीची प्रत तिला तिथल्या तिथे फुकट मिळाली पाहिजे.

दुसरं वाक्य: 'आधी अर्ज द्या, चौकशी करून बघू.' अर्ज म्हणजे गुन्हा नोंदवणं नव्हे, हे बाईला ठाऊक नसतं. शिक्का मारलेली प्रत हातात पडली की तिला वाटतं, काम झालं. आणि अर्ज फाइलीत झोपतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. नव्या संहितेत प्राथमिक चौकशीची मुभा आली आहे, पण ती तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, वरिष्ठांच्या परवानगीने आणि चौदा दिवसांत संपवायची. बलात्काराला ती लागूच नाही. मात्र इथे सावध राहा. विनयभंगाच्या कलम ७४ ची कमाल शिक्षा पाच वर्षं आहे, म्हणजे ते या फटीत बसतं. पूर्वी जे टाळाटाळ म्हणून चालायचं, त्याला विनयभंगाच्या बाबतीत आता कायद्याचाच आधार दाखवला जाईल. चौदा दिवसांत साक्षीदार फिरतात, सीसीटीव्हीवरचं चित्रण पुसलं जातं, आणि बाईवर घरून दबाव येतो. या तरतुदीविरुद्ध आपण अजून पुरेसा आवाज उठवलेला नाही.

तिसरं वाक्य: 'मॅडम नाहीत, उद्या या.' महिला अधिकाऱ्याने जबाब घ्यावा हा नियम आपण भांडून मिळवला, तो बाईला मोकळेपणी बोलता यावं म्हणून. त्याच नियमाची आता कडी करून दाराला लावतात. मॅडम नसतील तर शेजारच्या ठाण्यातून बोलवा, नियंत्रण कक्षातून पाठवा. बलात्काराची फिर्यादी ठाण्यातच काय, तिला वाटेल त्या जागी, आपल्या घरी, जवळच्या माणसांसमोर जबाब देऊ शकते. 'उद्या या' हा शब्द कायद्यात कुठेही नाही.

चौथं वाक्य: 'घरच्यांना विचारलंत का? उद्या लग्न व्हायचंय.' हे अनेकदा खरोखरच्या मायेने बोललं जातं, आणि म्हणूनच ते सर्वांत घातक. आधीच डळमळणारी बाई एवढ्यावर उठून निघून जाते. सज्ञान बाईला तक्रार द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तिचं नाव उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. बलात्कारात तडजोड कायद्याने होऊ शकत नाही. ठाण्याच्या मागच्या खोलीत 'दोन्ही पार्ट्या' बसवून जे मिटवलं जातं, ते बेकायदा आहे, मग बसवणारा कितीही सज्जन असो.

पाचवं वाक्य: 'आधी मेडिकल करून आणा.' आणि रुग्णालयात गेलं की, 'आधी पोलिसांचं पत्र आणा.' बाई मध्ये लोंबकळत राहते. कायदा काय सांगतो? माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत तिला तपासणीसाठी पाठवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्यासाठी तिची संमती लागते. ससून असो की खाजगी रुग्णालय, प्रथमोपचार आणि उपचार ताबडतोब आणि फुकट द्यावे लागतात. न देणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला शिक्षा आहे. बाई थेट रुग्णालयात गेली तरी उपचार अडवता येत नाहीत. 'दोन बोटांची तपासणी' तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा धिक्कारली आणि ती करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवला. तरी वैद्यकीय अहवालाचा छापील फॉर्म जुना तर नाही ना, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहून घ्या.

सात वेळा

एका घरकामगार बाईबरोबर मी एका ठाण्यात रात्री साडेदहाला गेले होते. गुन्हा नोंदला गेला तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते. कुणी तिच्यावर ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही, एका शिपायाने चहासुद्धा आणून दिला. पण त्या रात्रीपासून पुढच्या चार दिवसांत तिने तीच हकिकत किती वेळा सांगितली, ते मी मोजलं. ठाणे अंमलदाराला, महिला शिपायाला, फौजदार मॅडमना, निरीक्षक साहेबांना, रुग्णालयातल्या डॉक्टरला, परत तपासी अंमलदाराला, आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. सात वेळा. कायद्याला हवी असते ती ठाण्यातली एक, डॉक्टरकडची एक आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढची एक. बाकीच्या चार कशासाठी होत्या? एकाने लिहायचं ठरवावं म्हणून, दुसऱ्याने त्याला परवानगी द्यावी म्हणून.

आणि सात वेळा सांगितलेल्या हकिकतीत तपशिलाचा फरक पडतोच. तुमचं-आमचं कालचं भांडण सात जणांना सांगून बघा, फरक पडेल. पुढे न्यायालयात आरोपीचा वकील तोच फरक बोटाने दाखवतो आणि म्हणतो, 'बाई खोटं बोलते आहे.' देशात निकाली निघालेल्या बलात्काराच्या खटल्यांपैकी साधारण चारांत एका खटल्यात शिक्षा होते. त्याचं खापर बायकांच्या 'खोटेपणा'वर फोडणाऱ्यांनी आधी या सात जबाबांचा हिशेब द्यावा.

पोलिस काय म्हणतात

आमच्या बैठकांत पोलिस अधिकारी दोन गोष्टी हमखास सांगतात. त्या उडवून लावू नयेत, उत्तर द्यावं.

पहिली: 'खोट्या केसेस येतात.' येत असतील. चोरीच्याही येतात, अपघाताच्या विम्याच्याही येतात. म्हणून चोरीची फिर्याद घ्यायचं कुणी थांबवतं का? खरं-खोटं ठरवायला तपास आहे, पुरावा आहे, न्यायालय आहे. पण तपास गुन्हा नोंदल्यानंतर सुरू होतो. टेबलावर बसलेल्या अंमलदाराने बाईचा चेहरा, कपडे आणि घरी परतायची वेळ बघून जो निकाल दिला, त्यावर अपील कुठे करायचं?

दुसरी: 'माणसं नाहीत.' हे खरं आहे, आणि याबाबत आपण त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. गणपतीत, पालखीत, मंत्र्यांच्या दौऱ्यात सगळं ठाणं बंदोबस्ताला जुंपलं जातं. महिला शिपाई बारा-बारा तास उभ्या असतात. त्यांना कपडे बदलायला जागा नसते, लहान मूल घरी ठेवून त्या रात्रपाळीला येतात. अशा बाईने दुसऱ्या बाईचं दुःख हळुवारपणे ऐकावं, ही अपेक्षा केवळ ती बाई आहे म्हणून करणं हा तिच्यावरही अन्याय आहे. खाकी घातल्याने संवेदना मरत नाही, आणि बाई असल्याने ती आपोआप येतही नाही. प्रशिक्षण लागतं, वेळ लागतो, आणि वरच्या साहेबाला 'नाही' म्हणण्याची मुभा लागते. निर्भया निधीतून ठाण्याठाण्यांत 'महिला साहाय्य कक्ष' उभे राहिले. पाटी आहे, टेबल आहे. त्या टेबलामागे बसणारी बाई बंदोबस्ताला गेली, की पाटी कुणाला साहाय्य करणार?

फाशी, चकमक आणि आपण

प्रत्येक मोठ्या घटनेनंतर मोर्च्यात 'फाशी द्या'ची घोषणा येते. राग समजू शकतो. पण बदलापूरकडे बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन पालक ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदायला बारा तासांच्या आसपास लागले. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा ठाण्याच्या प्रमुखासह पोलिस निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला. शहरात पेढे वाटले गेले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने मात्र त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं. आता मला सांगा, त्या बारा तासांचं काय झालं? गोळीच्या आवाजात तो प्रश्न बुडाला. ज्यांना लिहायचं नसतं, त्यांना गोळी फार सोयीची असते.

शक्ती विधेयकाचंही तेच. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेलं हे विधेयक गाजावाजा करून मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालंच नाही. त्या गाजावाजाच्या काळात किती ठाण्यांत खबर वेळेवर लिहिली गेली, हे कुणी विचारलं नाही.

आणि आरोप पोलिसावरच असेल तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने तळहातावर लिहून आपलं आयुष्य संपवलं. तिने एका पोलिस उपनिरीक्षकावर बलात्काराचा आरोप केला होता. त्याच्या काही महिने आधी पोलिसांच्या दबावाबद्दल तिने वरिष्ठांकडे लेखी तक्रारी केल्या होत्या. उपनिरीक्षक निलंबित झाला, अटकही झाली, पण ती गेल्यावर. डॉक्टर असलेल्या, सरकारी नोकरीत असलेल्या, लेखी तक्रार करता येणाऱ्या बाईचा अर्ज जर असा पडून राहतो, तर पाटील इस्टेटमधल्या किंवा जनता वसाहतीतल्या बाईने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

जात विसरून तर मुळीच चालणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोथरूड पोलिस ठाण्यात जातिवाचक शिवीगाळ आणि मारहाण झाल्याचा आरोप तीन तरुणींनी केला. सासर सोडून आलेल्या एका विवाहितेला आधार दिल्यावरून त्यांची चौकशी झाली होती. पोलिसांनी आरोप नाकारले आणि गुन्हा नोंदवता येणार नसल्याचं लेखी कळवलं. आयुक्तालयात कार्यकर्ते रात्रभर बसून राहिले. त्या आरोपांचा निवाडा मी इथे करत नाही. पण तक्रार कुणाविरुद्ध आहे ते बघून ती लिहायची की नाही हे तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे त्याच खात्याने ठरवावं, याला न्याय म्हणतात का? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे. ती किती जणांना झाली?

बुधवार पेठेतल्या बाईवर बलात्कार होऊ शकतो, हे तर अनेक टेबलांना मान्यच नसतं. लैंगिक काम करणाऱ्या बाईवर अत्याचार झाला तर तिला इतर कोणत्याही बाईइतक्याच सुविधा मिळाल्या पाहिजेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिला. आणि तृतीयपंथी मैत्रिणींना बलात्काराच्या कलमाचं संरक्षणच नाही. २०१९ च्या कायद्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा दोन वर्षं आहे. 'हद्द आमची नाही' हे वाक्य त्यांना ठाण्यातच नव्हे, कायद्याच्या पुस्तकातही ऐकू येतं.

आपण काय मागायचं

मागण्या थोड्या ठेवू, पण सोडायच्या नाहीत.

१. बाई ठाण्यात आली ती वेळ आणि गुन्हा नोंदला ती वेळ, दोन्ही स्टेशन डायरीत लिहिल्या जाव्यात, आणि त्यांतल्या अंतराचा गोषवारा पुणे व पिंपरी-चिंचवड आयुक्तालयांनी दर तीन महिन्यांनी नावं वगळून जाहीर करावा.

२. गुन्हा न नोंदवणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. २०१३ पासून जुन्या संहितेतही ती होती. यासाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची अट नाही. बदली आणि निलंबन ही शिक्षा नव्हे. हे कलम वापरा.

३. लहान मुलांच्या प्रकरणांत पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनी 'सहायक व्यक्ती' दिली आहे, जी ठाण्यापासून निकालापर्यंत मुलाबरोबर असते. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीला ही सोबत मिळते, आणि अठरा पूर्ण झाली की ती एकटी. प्रत्येक ठाण्यात प्रशिक्षित, पगारी आणि पोलिसांच्या हाताखाली नसलेल्या सहायक स्त्रियांची यादी लागली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली डोमेस्टिक वर्किंग विमेन्स फोरमच्या खटल्यात ठाण्यातच वकिलाची मदत देण्याविषयी सांगितलं ते १९९४ मध्ये. अजून किती वर्षं थांबायचं?

४. हे अशक्य नाही, आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयातच समाजकार्यकर्त्यांचा विशेष कक्ष सुरू केला आणि तो पुढे राज्यात पसरला. 'सेहत' संस्थेने मुंबई महापालिकेबरोबर भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं केलं. पुणे महापालिकेच्या रुग्णालयांत तसं केंद्र का नको?

५. मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. तिचा अर्ज भरून देणं हे ठाण्याचं काम मानावं. बाईने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता शोधत फिरू नये.

६. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवण्याचं बंधन आता कायद्यात आहे. ते लेखी आणि मराठीत कळवावं.

आणि आपण काय करायचं

मागण्यांचं पत्र देऊन, साहेबांबरोबर फोटो काढून आपलं काम संपत नाही. येत्या तिमाहीत प्रत्येक गटाने आपल्या भागातलं एक ठाणं वाटून घ्यावं. दोघी-दोघींनी जावं. विचारावं: आज रात्री बलात्काराची तक्रार आली तर ती कोण लिहील? त्यांचं नाव काय? त्या रजेवर असतील तर कोण? रुग्णालयात कोण नेईल, कुठल्या गाडीतून? कपडे मुद्देमालात जमा झाल्यावर बाईने घरी काय घालून जायचं? उत्तरं तिथेच लिहून घ्यावीत, वाचून दाखवावीत, तारीख घालावी. जिथे उत्तर मिळणार नाही, तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. आणि बाईबरोबर जाल तेव्हा एक वही बरोबर ठेवा. आत गेल्याची वेळ, कोण काय म्हणालं, त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव, बाहेर पडल्याची वेळ, सगळं लिहा. टेबलाच्या एका बाजूलाच लिहिलं जातं आणि दुसऱ्या बाजूला फक्त सांगितलं जातं, ही वाटणी मोडायला हवी.

गुन्हा न लिहिल्याबद्दल एका जरी अधिकाऱ्यावर कलम १९९ खाली खटला उभा राहिला, तर पुण्यातल्या सगळ्या ठाण्यांत दुसऱ्या दिवशी सकाळी लेखणी सापडेल. तो पहिला खटला उभा करण्यासाठी लागणारा पुरावा आपल्याच वह्यांतून यायचा आहे. वह्या घ्या, आणि कुठल्या गटाने कुठलं ठाणं घेतलं ते कळवा. पुढच्या अंकात यादी छापू.